आधी भाडं बोला

(लिमा शहर, पहाट. कोपऱ्यावर दोन टॅक्स्या उभ्या. नोएमी आपल्या बापाच्या, फाउस्तोच्या, टॅक्सीच्या खिडकीशी वाकली आहे. मागची टॅक्सी शेजारच्या सेगुंदोची.)

नोएमी : परत विचारते. ट्रेनच्या डेपोपर्यंत किती घ्याल?

फाउस्तो : बस गं मुकाट्याने. सकाळी सकाळी बापाची चेष्टा करतेस?

नोएमी : चेष्टा नाही, बाबा. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं बोलून घ्यावं, हे तुम्हीच शिकवलंत. आपल्याकडे मीटर नाही, तोंड आहे, म्हणायचात.

फाउस्तो : ते गिऱ्हाइकांना. पोटच्या पोरीकडून पैसे घेऊ? तुझी आई घरात घेईल का मला?

नोएमी : तिला सांगून आलेय. काल माझा पहिला पगार झाला. आज मी कामावर टॅक्सीने जाणार आणि भाडं देऊन जाणार. तुमच्या नाहीतर सेगुंदोकाकांच्या. काका, डेपोपर्यंत किती?

सेगुंदो : बारा सोल, बाळा. तुझ्या बापाची कटकट ऐकावी लागणार नाही, त्याचे वेगळे लावत नाही.

फाउस्तो : सेगुंदो, तू मध्ये पडू नकोस. पोरी, याच्या गाडीत बसणार तू? मागचं दार दोरीने बांधलंय त्याने.

सेगुंदो : दोरी नवी आहे.

नोएमी : पहिली ट्रेन आज मी चालवणार आहे, बाबा. मी पोचले नाही तर ती हलायची नाही. बोला लवकर.

फाउस्तो : बरं बाई. पाच.

नोएमी : पाचात तुम्ही कुणाला पुढच्या चौकापर्यंत नेत नाही. पंधरा.

फाउस्तो : सहा.

नोएमी : चौदा.

सेगुंदो : कमाल आहे. गिऱ्हाईक चढवतंय आणि ड्रायव्हर उतरवतोय. अरे, बारा घे आणि निघ, तुझ्यामुळे लोक ट्रेनची वाट बघत बसतील.

फाउस्तो : बारा तर बारा. बस. अगं, मागे कुठे चाललीस? पुढे बस.

नोएमी : पुढे फुकटे बसतात. शाळा सुटली की मी त्याच सीटवर अभ्यास करायचे. मागे कुणी बसलं की तुम्ही म्हणायचात, आवाज करू नकोस, गिऱ्हाईक आहे. आज गिऱ्हाईक मी आहे.

फाउस्तो : बरं, बाईसाहेब. काच वर करू?

नोएमी : असू दे.

फाउस्तो : पगार पुरता मिळाला ना?

नोएमी : कर कापून मिळाला.

फाउस्तो : पहिल्याच महिन्यात कापला? मग हसतेस कशाला?

नोएमी : आपल्या घरात आजवर कुणाचा कापलाय? कापण्याएवढं होतं कुणाकडे?

फाउस्तो : हे मात्र खरं. तुझ्या मामाला सांगतो आज. म्हणत होता, पोरीच्या हातात ट्रेन कोण देतंय.

नोएमी : तुम्ही तरी कुठे खूश होतात? या ट्रेनने माझी गिऱ्हाइकं खाल्ली, म्हणायचात.

फाउस्तो : खाल्लीच. अजूनही म्हणतो. आला बघ डेपो.

नोएमी : हे घ्या वीस. वरचे राहू द्या.

फाउस्तो : बक्षिशी मला देऊ नकोस. बारा ठरले म्हणजे बारा. आणि सुट्टे नाहीत माझ्याकडे, तेव्हा राहूच दे सगळं.

नोएमी : सुट्टे नाहीत! ही युक्ती मी पुढच्या सीटवरून कितीदा पाहिलीय. म्हणून ही दहाची नोट आणि दोनचं नाणं वेगळं ठेवलंय. फोनवरूनही पाठवले असते, पण मग क्रूस कशाने केला असतात?

फाउस्तो : ते लक्षात आहे तुझ्या?

नोएमी : दिवसाची भवानी झाली की तीच नोट कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना, मग ओठांना. करा. त्याशिवाय मी उतरत नाही.

फाउस्तो : हं. झालं.

नोएमी : रडताय, बाबा?

फाउस्तो : रडतोय. तू पळ आता, लोक खोळंबतील.

प्रवासी बाई : ओ दादा, टॅक्सी रिकामी आहे का? मोठ्या बाजारापर्यंत किती घ्याल?

फाउस्तो : पंचवीस. पण बाई, हे शेजारीच स्टेशन आहे, ट्रेननेच जा तुम्ही.

प्रवासी बाई : वेळेवर सुटेल का ती?

फाउस्तो : सुटेल. चालवणारी आत्ताच आत गेली. माझ्याच टॅक्सीतून आली, भाडं देऊन.