दादांनी चालवलेली गाडी

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट सांगतो. वडूजच्या कॉम्प्युटर क्लासात बसून मी मोटारींच्या शर्यतीचा गेम बनवला होता. पुढचं शिकायला पुण्याला जायचं होतं, पण आमचे वडील, दादा, काही सोडेनात. दादा मिलिटरीत ट्रक चालवायचे. म्हटलं, एकदा गेम तरी बघा.

दादा क्लासातल्या कॉम्प्युटरसमोर ताठ बसले आणि गेममधली गाडी चालवू लागले. मागून गाडी आली की बाजूला होऊन तिला वाट द्यायचे.

"आवं दादा, शर्यत हाय! पळवा की!"

"त्याला घाई आसंल. जाऊ दे."

एवढ्यात वळण आलं. दादा ओरडले, "ब्रेक कुठाय रं?"

"ब्रेक ठेवलाच न्हाई."

गाडी झाडावर आदळली. दादा घाम पुसत उठले.

"जा बाबा पुण्याला. आन् ब्रेक बसवायला शिकल्याबिगर घरी येऊ नगंस!"