अखिलाची जन्मतारीख

नाही गं सुगुणा, शाळा सोडायचा टीसी देणार नाही असं कुठं म्हणाले मी — देते की. पोरगी तुझी, तू नेशील तिथं ती शिकेल, मी कोण अडवणार? बस आधी, त्या पेटीवर नको, तिचं झाकण मोडकं आहे, इथं बाकावर बस. पिवळी गाडी दारात येते, टाय-बूट, सगळं इंग्रजीतून — आणि माझ्याकडं काय, एका खोलीत पाच वर्ग. रागावले नाही बाई मी. गेल्या साली रामुलूची दोन्ही पोरं गेली तेव्हा रागावले का? नाही रागावले. फक्त ते तारखेचं तेवढं बोलू नकोस. आहे ती राहू दे.

हो, ऐकलं मी — तिथला हेडमास्तर म्हणतो वय साडेसहा महिने कमी पडतंय, चौथीत बसवणार नाही, परत तिसरी. वर्ष फुकट जाणार, कळतंय मला. आणि तुझं म्हणणं, तारीख टीचरनंच घातली, टीचरनंच मागं सरकवायची, त्यात काय एवढं. खरंय, त्यात काय एवढं. अर्ध्या गावाचा जन्म मीच एक जूनला लावलाय. आया पोराला पुढं ढकलतात, कधीचा विचारलं तर म्हणतात मिरच्या वाळत घातल्या होत्या तेव्हाचा, म्हातारा गेला त्याच्या आदल्या वर्षाचा — मी घालते एक जून, पोराला पाच वर्षं पुरी, विषय संपला. तूही तसंच सांगितलंस, कापूस वेचणी चालली होती, शेतातच कळा आल्या. मग तुझ्या पोरीला एक जून का नाही घातली? साडेचारची धरून नियमाबाहेर बसवून घेतली, पण चौदा डिसेंबरच का घातली? — तू कधी विचारलं नाहीस. बरं केलंस.

पायसम आणायचे ना मी दर चौदा डिसेंबरला, काजू घालून — तुला वाटलं असेल टीचरचा जीव आहे पोरीवर. आहेच. पण वर्गात अठरा पोरं, आणि वाढदिवस एकटीचाच. बाकीची विचारायची, टीचर, आमचा कधी? मी म्हणायचे, तुमचा सुट्टीत असतो रे. खोटं नव्हतं ते.

चौदा वर्षं झाली मला इथं, त्या भाड्याच्या खोलीत. रविवारी कधीकधी संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही, मग मांजराला हाक मारून बघते, आवाज शाबूत आहे का. हसू नकोस, खरंच मारते. लोक म्हणतात टीचरला काय कमी, गावभर पोरं तिची. गावभर पोरं — चार वाजता घंटा झाली की एकेक आपापल्या आईकडं पळतं. पळावंच. अखिलाही पळायची. पण त्या दिवशी ती थांबायची, डबा संपेपर्यंत, माझ्यासमोर बसून बोटं चाटत खायची — आणि मी आपली मनात मोजत बसायची, माझी असती तर आता केवढी असती, आता केवढी —

हं. निघालं तोंडातून. निघू दे. होती मला. इथं यायच्या आधी, जगतियालच्या दवाखान्यात, चौदा डिसेंबरला. नऊ दिवस होती. मग सासरच्यांनी मला माहेरी पोचवलं, ते न्यायला कुणी आलंच नाही. तेव्हा ट्रेनिंगला गेले. गावात कुणाला माहीत नाही, तूही बोलू नकोस. तिचा कुठंच कागद नाही गं — दाखला नाही, फोटो नाही. तुझी अखिला समोर येऊन उभी राहिली, माझ्या हातात पेन होतं, रकाना रिकामा होता. वाटलं, तारीख तरी कुणाच्या नावावर चालू राहील — दहावीच्या कागदावर, नोकरीच्या, लग्नाच्या. तुला विचारलं नाही. चुकलं माझं. दुसऱ्याच्या पोरीवर आपलं असं लिहायचं नसतं.

रडतेस कशाला? आण तो कागद इकडं. — राहू दे म्हणतेस? कशी राहू दे? माझ्या गेलेल्या पोरीपायी तुझं चालतंबोलतं पोर एक वर्ष मागं ठेवू? हे बघ, रजिस्टरात खोडलं, वर एक जून, बाजूला माझी सही. टीसीवरही तेच. चौथीत घेतील आता, नाही घेतलं तर मला सांग, मी येते भांडायला.

काय? — नाव? नाव नव्हतं ठेवलं गं. एकविसाव्या दिवशी ठेवतात ना आपल्यात.

अंगठा नको, सही कर, शिकवलीय मी तुला. हां, असंच. जा आता. घंटा द्यायची आहे मला.