जाहिरातीपुरती बायको

...आणि वर तो पोरगा मला विचारतो, "मिस्टर लुडके, तुम्हाला जाहिराती हव्यात?" जसं काही मी त्याच्याकडे पिसवा मागितल्या! हो, हव्यात. तुम्हाला सांगतो, या अमेरिकेत जन्माला आलेला एकही माणूस नसेल ज्याने टीव्हीवरच्या जाहिरातींना शिव्या दिल्या नाहीत. मीही दिल्या, टोलेडोतल्या आमच्या गल्लीत माझ्याइतक्या सणसणीत कुणी दिल्या नसतील. पण आज मला जाहिराती पाहिजेत. कुत्र्याच्या खाण्याची द्या, कवळीच्या डिंकाची द्या, मूळव्याधीची द्या, माझं काही म्हणणं नाही, पण द्या!

ते पोरगं म्हणजे ब्रँडन. माझी बायको मर्ना ज्या वृद्धाश्रमात आहे ना, तिथला मॅनेजर. कायम हसत असतो. कुणी गेलं तरी हसतच सांगतो. मी पडलो आठवीत शाळा सोडलेला माणूस, काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहून जन्म काढला, मला त्याच्यासारखं गोड बोलता येत नाही. मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, मला जाहिराती पाहिजेत. तर तो म्हणतो, पाणी आणू का?

पण असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही पण म्हणाल, म्हातारा चळला. थांबा, गुरुवारपासून सांगतो.

त्या काळी, म्हणजे सत्तरनंतरची ती वर्षं, रुंद कॉलरची, कानापर्यंत कल्ल्यांची, दर गुरुवारी नऊ वाजता 'ब्रॅडिगन' लागायचं. लेफ्टनंट ब्रॅडिगन. मिशीवाला पोलीस, तपकिरी गाडी, आणि ती गाडी दर गुरुवारी न चुकता रिकाम्या खोक्यांच्या ढिगात घुसायची. खोकी तिथे कोण रचून ठेवायचं, देव जाणे. सगळ्या गावात तीनच चॅनेल, त्यामुळे सगळं गाव तेच बघायचं. आमचा टीव्ही म्हणजे लाकडी कपाटाएवढं धूड. मर्ना आठ वाजताच ते गोठवलेलं जेवण ओव्हनमध्ये सरकवायची, पत्र्याच्या ताटलीत कप्पे पाडलेलं यायचं बघा, ज्यातला मका हमखास गोड पदार्थात सांडलेला असायचा, आणि आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन बसायचो. ती उजवीकडे, मी डावीकडे. आणि मर्नाचा कायदा एकच. चित्र चालू असताना तोंड बंद. घराला आग लागली तरी जाहिरात येईपर्यंत दम धरायचा.

तेव्हा बोलायचं काय ते जाहिरातीत. तुम्ही हसाल, पण आमचा सगळा संसार जाहिरातींत झाला. गाडी कठड्यावरून खाली जायला लागली, ब्रॅडिगन दाराला लोंबकळतोय, आणि पटकन टूथपेस्ट! की मर्ना माझ्याकडे वळणार. मागचं दार लावलंस का? छताला ओल आलीय. तुझा भाऊ पुन्हा प्यायला लागलाय. मोठं भांडण असलं तर एका गुरुवारात मावायचं नाही, तीन-तीन गुरुवार चालायचं, दर वेळी जिथे सोडलं तिथून पुढे. आणि आमची मुलगी ट्रूडी! कुत्र्याच्या खाण्याची जाहिरात चालली होती, कुत्रा वाडग्यात तोंड घालून मचामचा खातोय, आणि मर्ना म्हणते, "ऑर्व्ह, मला दिवस गेलेत." मी म्हटलं, कुणाला? म्हणाली, मला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडतोय तोच ती तपकिरी गाडी आली आणि ही म्हणाली, श्श! आता सांगा, नुकताच बाप झालेला माणूस, तोंड मिटून एका चेक चोरणाऱ्याचा पाठलाग बघत बसलाय. पुढची जाहिरात लागेपर्यंत माझ्या ताटलीतला बटाटा गार झाला.

असो. ते गेलं. सगळंच गेलं.

आता मर्नाला मी आठवत नाही. सरळ सांगतो, उगाच डोळे पुसत बसू नका. सकाळी गेलो की ती मला खोलीतला हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस समजते. "अहो मिस्टर, आलात ते बरं झालं, रात्रभर गारठा असतो इथे." एरी सरोवरावरून वारं येतं ना, ते खरंच हाडात शिरतं. मग मी काय करतो? चमचा घेतो आणि हीटरवर दोनदा टकटक करतो. ती म्हणते, तुम्ही फार सभ्य आहात हो, आधीचा माणूस दारू पिऊन यायचा. आधीचा म्हणजेसुद्धा मीच, असं मला वाटतं. पण विचारणार कुणाला?

तर झालं काय, गेल्या वर्षी आश्रमाच्या हॉलमधल्या टीव्हीवर दुपारी तीन वाजता एक चॅनेल जुन्या मालिका पुन्हा दाखवायला लागला. आणि एक दिवस लागला आमचा ब्रॅडिगन! तीच मिशी, तीच खोकी. मर्ना अशी ताठ होऊन बसली बघा, मांडीवर ताटली असल्यासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आपला सवयीने डावीकडच्या खुर्चीत. गाडी धक्क्यावरून पाण्यात जायला लागली, आणि आली जाहिरात. ऐकू येण्याच्या यंत्राची. आणि मर्ना वळली. माझ्याकडे, डावीकडे, अगदी तशीच.

"ऑर्व्ह, मागचं दार लावलंस का रे?"

आता यावर माणसाने काय बोलावं? किती महिन्यांनी बायकोने नावाने हाक मारलेली, मी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "लावलं." ती म्हणाली, "कडी घातलीस?" मी म्हटलं, "घातली." तोच ती म्हणाली, श्श. आणि संपल्यावर विचारते, "अहो मिस्टर, झाली का दुरुस्ती?"

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, मी एक दुपार चुकवली नाही. बर्फ पडलं तरी गेलो. घरून निघताना काय बोलायचं ते घोकत जायचो, शाळेत कधी घोकलं नाही एवढं. अंगणातली लायलॅकची फुलं फुललीत हे सांगायचं, ट्रूडीच्या पोराचं लग्न ठरलंय हे सांगायचं. पण जाहिरातीत राज्य तिचं! ती विचारणार, मी उत्तर देणार. कपड्यांचं मशीन का थरथरतंय. तिची आई कशी आहे. मी म्हणायचो, मजेत आहे. अहो, तिची आई केव्हाच मातीत गेली, पण जाहिरातीत कुणी मेलेलं असतं का? एकदा केस काळे करण्याच्या औषधाची जाहिरात चालली होती, तर माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "तू काही लावू नकोस हं त्यातलं. पांढरे झालेले शोभतील तुला." पांढरे! चार उरलेत. घरी जाऊन आरशात बघत बसलो बराच वेळ.

बरं चाललं होतं. आणि मग तो ग्रॅबोव्स्की आडवा आला.

ग्रॅबोव्स्की म्हणजे शेजारच्या खोलीतला. त्याला वाटायचं, जाहिरातीतला माणूस त्याच्याशीच बोलतोय. "आत्ताच फोन करा" म्हटलं की हा फोन करणार! सभ्य माणूस आहे, कुणाला नाही म्हणत नाही. जिन्यावर चढवणारी खुर्ची मागवली, आश्रमाला जिना नाही. सुऱ्यांचा संच मागवला. एकदा तर थडग्याची जागा मागवली, तीही फ्लोरिडात, कारण तिथे ऊन असतं म्हणे. त्याची पोरं येऊन भांडली, आणि ब्रँडनने नवं यंत्र आणलं. सगळ्या जुन्या मालिका, पाहिजे तेव्हा, एकही जाहिरात नाही. भिंतीवर कागद लावला, त्यावर फुगे काढलेले: 'आनंदाची बातमी!' ट्रूडी फोनवर म्हणाली, "डॅड, किती छान झालं! तुम्हीच तर जन्मभर जाहिरातींवर ओरडायचात."

पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. गाडी धक्क्यावर आली, पाण्यात जायला लागली, जाहिरातीच्या जागी डोळ्याचं पातं लवेल एवढा अंधार झाला, आणि गाडी बाहेर! ब्रॅडिगन कोरडा! मर्नाची मान अशी एवढीशी वळली डावीकडे... आणि परत गेली. पूर्ण तासभर हेच. मान एवढीशी यायची आणि परत जायची. मी खुर्चीत तयार बसलेलो, तोंड उघडून, माशासारखा.

म्हणून गेलो ब्रँडनकडे. म्हणून मूठ आपटली. मला जाहिराती पाहिजेत. सगळं सांगितलं त्याला, लाज सोडून सांगितलं. तो म्हणाला, फार हृदयस्पर्शी आहे, आपण तुमच्या फोटोंचा अल्बम करू या. अल्बम! फोटोतल्या माझ्याकडे बघून तिने विचारलं होतं, हा देखणा माणूस हल्ली कुठे असतो?

मग आमची योलांडा, म्हणजे मर्नाची वेणीफणी, आंघोळ सगळं बघणारी बाई, तिने गुपचूप रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाली, हे बटण दाबलं की चित्र थांबतं, लुडकेकाका. दाबलं. ब्रॅडिगन एक तंगडी हवेत घेऊन अडकला. मर्ना वळली! खरंच वळली, आणि म्हणाली, "ऑर्व्ह, चित्र अडकलं. वर जा." वर म्हणजे छपरावर, ॲंटेना फिरवायला. जन्मभर हेच केलेलं मी, वाऱ्यात, शेजाऱ्यांच्या देखत. नाही म्हणायची सोय आहे का? वॉकर घेतला आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. आतून आवाज, "थोडं उजवीकडे!" मी सरकलो. बटण दाबलं. "आलं! आता हलू नकोस तिथून!"

आता घ्या. हललो की चित्र जाणार, असा कायदा. ब्रँडन आला, विचारतो, मिस्टर लुडके, इथे काय करताय? मी म्हटलं, छपरावर आहे, दिसत नाही का? एपिसोड संपेपर्यंत छपरावरच होतो. बायकोने नावाने हाक मारली आणि घराबाहेर काढलं, दोन्ही एका वाक्यात.

तेव्हा म्हटलं, नुसतं थांबवून भागायचं नाही, खरीखुरी जाहिरात हवी. ग्रॅबोव्स्कीला उभं केलं टीव्हीपुढे, हातात कॉफीचा डबा दिला. तो डब्याकडे बघून म्हणाला, हा मला आवडला, फोन कुठे करायचा? योलांडाला उभं केलं. गोड हसली, म्हणाली, "नमस्कार मंडळी," तेवढ्यात कुणाच्या तरी खोलीतली घंटा वाजली आणि ती पळाली. तिला कुठे सवड आहे, बिचारीला! राहिलं कोण?

मीच. या वयात. गेल्या मंगळवारी मी योलांडाच्या कंगव्याने चार केस बसवले, एका हातात कॉफीचा डबा, दुसऱ्यात रिमोट, आणि टीव्हीच्या बाजूला दबा धरून उभा राहिलो. गाडी कठड्यावर आली, दाबलं बटण, आणि वॉकरसकट पडद्यापुढे सरकलो. म्हटलं, "बायांनो, नवऱ्याला सकाळची कॉफी कडू लागते? मग घ्या ही, डोंगरात पिकलेली..." मर्नाने माझ्याकडे बघितलं. जाहिरातीकडे माणूस बघतो तसं, म्हणजे आरपार. आणि वळली. डावीकडे. खुर्चीकडे.

खुर्चीत कुणी नव्हतं. असणार कसं? मी इकडे कॉफी विकत होतो.

"ऑर्व्ह," ती त्या खुर्चीला म्हणाली, हळू आवाजात, "बघ रे बिचाऱ्याला. या वयात उभं करतात यांना. याला घरी कुणी नसेल का?"

तुम्हाला सांगतो, दोन पावलं होती. दोन पावलं टाकली असती तर खुर्चीत पोचलो असतो, सांगितलं असतं तिला. पण मी खुर्चीत बसलो की जाहिरात संपली, आणि जाहिरात संपली की तिच्यापुरता मी संपलो. म्हणून तिथेच उभा राहिलो आणि म्हटलं, डोंगरात पिकलेली, सावकाश भाजलेली... आणखी काय म्हणणार? टीव्हीतल्या माणसाने कधी कुणाला उत्तर दिलंय?

"घेऊ या का रे याच्याकडून एक डबा?" तिने खुर्चीला विचारलं. मग कान देऊन ऐकलं. मीही ऐकलं, खोटं कशाला सांगू. मग तिने मान हलवली, म्हणाली, "बरं, तू नको म्हणतोस तर राहू दे." आणि पडद्याकडे तोंड करून, "श्श, सुरू होतंय."

बटण माझ्याच हातात होतं. दाबलं.

रोज तीनला जातो आता. डबा तोच आहे, खपलेला नाही. खपायचाही नाही. त्या खुर्चीतल्या माणसाला मी चांगला ओळखतो, जाहिरातवाल्याकडून त्याने जन्मात कधी काही घेतलं नाही, आता म्हातारपणी काय घेणार.