मयताला मिसळ न्हाई

आरं, मी सुप्यात एकदा मेलो हुतो, ते सांगितलं का तुमाला? कंपनीतून गॅस सुटला तर काय करायचं, याचं शिबिर हुतं गावात. आमी पोरांनी जखमी व्हायचं, तरुण मंडळानं आमाला उचलून शाळेत न्यायचं, आन् तिथं सगळ्यांना मिसळ. म्या सकाळपून काय खाल्लं नव्हतं, मिसळीसाठीच गेल्तो.

सायबांनी सगळ्यांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या. माझ्या पाटीवर 'पाय मोडला', आमच्या सल्याच्या पाटीवर 'मयत'. म्हनलं, मयताला काय काम न्हाई, निस्तं झोपायचं. सल्याला पटवून पाटी बदलून घेतली.

मंडळ आलं. सल्याला उचललं, बाकीच्यांना उचललं, मला वलांडून गेले.

"आन् मी?"

सायेब म्हनले, "आधी जिवंत मान्सं. मयत शेवटी. आन् मयतानं बोलायचं न्हाई."

पडलो उन्हात. शाळेकडनं तर्रीचा वास यायला लागला. तेवढ्यात पाय मोडलेला सल्या पळत आला, हातात प्लेट. माझ्या नाकापाशी बसून पाव बुडवायला लागला.

"सल्या, एक घास दे की."

"सायेब, मयत पाव मागतंय!"

सायेब लांबूनच वरडले, "मग जखमीत धरा त्याला. लायनीत शेवटी उभं करा."

माझा नंबर आला तवा पातेल्यात निस्ता रस्सा उरल्ता. वाढनारी सल्याची आई म्हनली, "पाव संपले रे बाळा, चालंल का?"

म्हनलं, "वाढा चाची. आत्ताच जिवंत झालोय, नखरे कशाला करू?"