अंगठा आत की काठावर

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या. आपल्या मंडळात पहिली रांग नेहमी रिकामीच असते, तेवढं आज मोडू या.

शुक्रवारची सुट्टी बाजूला ठेवून तुम्ही सगळे आलात. कोणासाठी? ज्यांना मराठीतले ‘बसा’ आणि ‘चहा’ एवढे दोनच शब्द येत होते, अशा एका तैवानी गृहस्थांसाठी, आपल्या लिनकाकांसाठी. आपल्या संसाराला तेवढे दोन शब्द पुरतात हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

मी इथून, बहरीनहून, पुण्याच्या एका साप्ताहिकाला वर्षानुवर्षं पत्र लिहितो. शब्द कमी पडले अशी तक्रार माझ्याबद्दल कोणी केलेली नाही, उलटच आहे. आज मात्र कालपासून तीन कागद फाडले. कारण मला नुसती आठवण सांगायची नाही. मला लिनकाकांच्या मुलीला, मेईला, एक गोष्ट सांगायची आहे.

मेई इथे समोर बसली आहे. शेजारी माझी बायको सुमेधा तिला कानात इंग्रजीत सांगते आहे. सुमेधा, आज एकही वाक्य गाळू नकोस. माझी वाक्यं गाळायची तुला सवय आहे, म्हणून सांगतो.

मेईची समजूत अशी आहे की वडिलांचं शेवटचं चित्र अपुरं राहिलं, कारण त्यांचा हात चालेनासा झाला होता. परवा सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत होती. मी तिथे दोन तास बसलो होतो. दोन तास गप्प बसलो. मंडळी, ते खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे.

ज्यांनी त्यांना नुसतं जिन्यात पाहिलं असेल त्यांच्यासाठी सांगतो. लिनकाका लाकडावर चित्र कोरत, त्यावर शाई फिरवत आणि कागदावर ठसा घेत. रंगवतही असत, पण जीव लाकडात. तैवानच्या दक्षिणेकडच्या एका भातखाचरांच्या गावात त्यांचा जन्म झाला, आणि आयुष्यभर त्यांनी तेच गाव कोरलं. देवळासमोरचा बाहुल्यांचा खेळ. पाण्यात डुंबणारी म्हैस आणि तिच्या पाठीवर झोपलेला गुराखी. उन्हात मुळ्याच्या चकत्या वाळत घालणाऱ्या बायका. पत्नी गेल्यावर मेईने त्यांना इकडे आणलं. ती हिद्दला कारखान्यात इंजिनिअर. घर जिदहफ्सला, आमच्या दाराच्या समोरचं दार.

आले आणि आठवड्यात आमच्या घरातली एक स्टीलची वाटी गेली. ठसा घेताना कागद मागून घासावा लागतो, त्याला आमच्या वाटीचं बूड त्यांना फार पसंत पडलं. मग कोरायला लाकूड म्हणून पोळपाट. बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात इक्बालभाईंचं भांड्यांचं दुकान आहे, तिथे मीच त्यांना घेऊन गेलो. हे गृहस्थ एकेक पोळपाट नाकाशी धरून हुंगतायत, नखाने टोचतायत. शेवटी इक्बालभाई मला म्हणाले, “अहो शास्त्रीबुवा, तुमच्या पाव्हण्याला सांगा, त्याच्यावर चपाती लाटायची आणि खलास! सोयरीक जुळवायची नाय.” इक्बालभाई, तुम्ही मान खाली घालू नका. त्यांना हे भाषांतर करून सांगितल्यावर ते इतके हसले होते की त्यांनी चार पोळपाट घेतले.

आता माझ्याबद्दल. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला. आई अजून तिथेच असते. मी लहानपणीच वाईला संस्कृत शिकायला गेलो, तेव्हापासून घरी पाहुण्यासारखा जात राहिलो. पण पत्रांतून ग्रामीण जीवनावर मी पुष्कळ लिहिलं आहे. मातीचा गंध वगैरे. तुम्ही वाचलंही असेल. न वाचल्यास बिघडलं नाही.

लिनकाकांनी मला इंग्रजीत विचारलं, “पंडित, तुझ्या गावात नांगर कसा धरतात?” मी त्यांना एक श्लोक म्हणून दाखवला, अर्थासकट. त्यांनी नीट ऐकून घेतला. मग विचारलं, “हा कवी नांगर धरत होता?” म्हटलं, नसावा. “मग राहू दे,” म्हणाले.

गेल्या वर्षी मंडळाने दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी त्यांच्याकडे चित्र मागितलं. त्यांनी आमच्या भिंतीवरचा माझ्या आईचा फोटो पाहिला होता. म्हणाले, “हिला कोरतो. ही काय काम करायची?” सुपात धान्य पाखडायची, म्हटलं. सूप कसं असतं ते मी कागदावर काढून दाखवलं. त्यांच्याकडचं गोल, चारी बाजूंनी काठ असलेलं. आपलं पुढून उघडं. त्यांना फार नवल वाटलं. “आणि दाणे सांडत नाहीत? मग सगळं कसब हातात असणार. अंगठा कुठे असतो? आत, की काठावर?”

फोटो आमचा अर्धाच आहे. कोपराखाली कापलेला.

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “काठावर.”

मंडळी, मला माहीत नव्हतं. त्या हातांनी पाखडलेलं खाऊन मी मोठा झालो, आणि ते हात मी कधी पाहिलेच नव्हते. पण ‘माहीत नाही’ हे वाक्य आमच्या पाठशाळेत शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. लिनकाका. हातात मेईच्या ऑफिसच्या फायलीचा पुठ्ठा, त्यात मूठभर तांदूळ, आणि दारापासून जिन्यापर्यंत सगळीकडे तांदूळ. “काठावर अंगठा ठेवून झेलता येत नाही,” म्हणाले. “पंडित, तू पाहिलेलं नाहीस. आईला विचार.”

मी म्हटलं, “इंशाल्ला.”

शिकलो संस्कृत, पण टाळाटाळ अरबीत करतो. आपण सगळेच करतो.

दर शुक्रवारी मी आईला फोन करायचो. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतल्यास का, सगळं विचारायचो. हे एवढं विचारत नव्हतो. लाज वाटायची. गावावर लिहिणाऱ्या लेकाने आईला विचारायचं, तू सूप कसं धरायचीस? पुढच्या शुक्रवारी, म्हणायचो. असे किती शुक्रवार गेले?

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं. सुमेधाने तेच सुचवलं. “काका, मंडळातल्या चार बायका गावाकडच्या आहेत, आत्ता बोलावते.” ते नाही म्हणाले. “हे पंडितच्या आईचं चित्र आहे. तिला दुसऱ्या बाईचे हात लावू?”

आणि ते थांबले. आईचा चेहरा कोरला, पदर कोरला, मागची कोंबडी कोरली. हातांची जागा तशीच ठेवली. लाकडात जे कोरलं जात नाही तेवढ्यावर शाई चढते आणि कागदावर काळं उमटतं. म्हणून त्या ठशात आईच्या कोपरापुढे एक मोठा काळा डाग आहे. मेई, तो डाग पाहून तू घाबरलीस. त्याच सुमाराला त्यांच्या बोटाला पटाशी लागली होती. तुला वाटलं, आता हात थरथरतोय, नजर राहिली नाही. तू त्यांची हत्यारं एका खोक्यात भरून कपाटावर ठेवलीस. तुझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.

मंडळाच्या अंकावर इंटरनेटवरून घेतलेली एक पणती छापली गेली.

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, “काका, मेईला खरं का सांगत नाही? तुमचा हात चांगला आहे.” ते म्हणाले, “मग मला सांगावं लागेल की तू थापा मारतोस. ती तुला फार विद्वान समजते. म्हातारपण बरं, त्याचा पुरावा कोणी मागत नाही.” वर हसले. मग म्हणाले, “आईला विचारलंस की तूच मेईला सांग, खोकं खाली काढ म्हणून.”

म्हणजे खोकं खाली येणं माझ्या एका फोनवर अवलंबून होतं. मला हे कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोयही त्यांनी ठेवली नाही.

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. विचारलं. आई म्हणाली, “आरं, अंगठा आत. काठावर ठिवला तर सूपच जाईल की उडून! आन् डावा हात जरा खाली धरायचा, म्हंजी खडं एका अंगाला येत्यात. तुला रं कशाला पायजे?”

म्हटलं, एका चित्रकारांना हवं होतं. तुझं चित्र काढत होते.

“माजं? या बया!” आई हसली. मग म्हणाली, “आरं, मग दे की त्यास्नी फोन. मी सांगते.”

मी फोन हळूच टेबलावर ठेवला. आईला वाटलं, लाइन गेली. ती बराच वेळ हॅलो, हॅलो करत होती.

मेई, तुझ्या वडिलांचा हात थकला नव्हता. शेवटपर्यंत थकला नव्हता. जे पाहिलं नाही ते ते कोरत नसत, आणि जे मी पाहायला हवं होतं ते मी पाहिलं नाही. त्यांनी माझी अब्रू राखली आणि त्यापायी तुझ्यासमोर अपंग ठरले. क्षमा मागायला मी उभा राहिलो नाही. मागण्याजोगं मी काही ठेवलेलं नाही. फक्त एवढं कर. यापुढे घरी येणाऱ्यांना त्यांच्या हाताबद्दल सांगू नकोस. माझ्याबद्दल सांग.

मंडळी, आता उभे राहू या. अशा वेळी दोन मिनिटं मौन पाळतात. मी वर्षभर पाळलं, जिथे बोलायचं होतं तिथे. आज पहिल्यांदा योग्य जागी पाळतो आहे. तुम्ही सोबत करा.