कळीच्या माणसाचं शेवटचं पान

हॅलो? हॅलो! कल्याण स्टेशन? … छापखान्याचा महिपत आलाय ना? द्या त्याला.

… महिपत? मी गोविंद मास्तर. ठाणे स्टेशनातून… हो, स्टेशनमास्तरांची मेहेरबानी. गाडी येईपर्यंत बोला म्हणाले… तब्येत राहू दे! सकाळच्या गाडीने प्रुफं मिळाली. माझ्या गोष्टीचा शेवट कोणी बदलला?

… तू? … थोडासाच? अरे, माझा कळीचा माणूस, कळ फिरवली की चालणारा लाकडी गडी, मिठागरात राबतो आणि शेवटी गावातल्या बायका त्याला मालकाच्या हातून वाचवतात. तुझ्या शेवटात मालक त्याला कुऱ्हाडीने फोडून चुलीत घालतो! हे थोडंसं?

… वाचकांना पटत नाही? तुझ्या मासिकात मेणाची बाई आली, ती वितळली. पितळेचा शिपाई आला, तो दरीत पडला. माणसाने घडवलेलं कुणी बोलायला लागलं, की दोन पानांत त्याचा निकाल! एकदा तरी जगू द्या रे कुणाला!

… लाकूड आहे, ठाऊक आहे मला. मीच लिहिलंय ना! भाद्रपदात मातीच्या मूर्तीत प्राण कोण घालतं तुझ्या घरी? … हो, विसर्जन करतोस. वाजतगाजत, डोळे पुसत करतोस! कुऱ्हाड घेऊन जातोस का खाडीवर?

… ऐक, मध्ये बोलू नकोस. माझ्या गोष्टीत गावातल्या रखमाबाईने त्याचं बारसं केलं. पाळण्यात मावेना, म्हणून त्याचा नुसता हात ठेवला पाळण्यात. कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. गावाने घुगऱ्या खाल्ल्या. ज्या बायांनी घुगऱ्या खाल्ल्या, त्या त्याला फोडू देतील? … हसतोस काय? तुझ्याही बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, म्हणून अजून नीट बोलतोय!

… आणि असं मागितलं तरी काय त्याने? 'मालक, मला सुट्टी कधी?' एवढंच ना?

… हं… हं. असं सांग ना! शेटजी रागावतील. मिठागरवाले शेटजी, मासिकाचे आश्रयदाते. वाचकांचं नुसतं नाव पुढे केलंस.

अरे, माझ्या वर्गात गोदा आहे. बाप मिठागरावर. घरात वाचता येणारी ती पहिली. अंक आला की देवळापुढे बसून मोठ्याने वाचते, दमून आलेली माणसं ऐकतात. त्यांना तिने काय वाचून दाखवायचं? सुट्टी मागाल तर चुलीत जाल? वर तात्पर्य छापतोस, 'सेवकाने आज्ञा पाळावी'! हे शिकवलं होतं मी तुला?



… छपाईचे खिळे पुन्हा जुळवायला वेळ नाही? मग नुसते काढ. शेवटचं पान कोरं सोड… हो, कोरं! सगळे अंक इकडे पाठव. तीनशेच ना? वर्गात अठ्ठावीस पोरं आहेत, बोरू आहेत, शाई आहे. शेवट हाताने लिहू… भिवाचं अक्षर वाईट आहे, असू दे… टपाल दोन दिवस उशिरा जाईल, जाऊ दे!

… शेटजींची प्रत? नाही, ती पोरांना नाही द्यायची. ती मी लिहीन. खाली सही करीन, घराचा पत्ता घालीन. रागवायला माणूस हवा ना त्यांना!

… गाडी आली. जा, खिळे काढ आधी. ठेवतो.