खर्जाचा डबा हरवल्याबाबत

नाव: विचारले असता सांगितले की, सगळे पडदेवाली म्हणतात, तेच लिहा. वय: एकसष्ट. धंदा: पडदे शिवणे. पत्ता: पाण्याच्या टाकीजवळची जुनी इमारत, घड्याळवाल्यांच्या वरचा मजला. दुनियेला पडदे पुरवते पण स्वतःच्या खिडकीला एक नाही, असं ज्या घराबद्दल म्हणतात ते घर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या नवऱ्यासोबत राहते. घरात आम्ही दोघंच. शिवणकाम मी घरीच करते, पायमशीनवर. मी बोलेन तसंच टाइप करायचं, हे मी इथल्या लिहून घेणाऱ्या बाईंना आधीच बजावलं आहे. मागे सायकल चोरीला गेली तेव्हा माझ्या तोंडी ‘सदर इसम’ घातला होता. मी जन्मात कुणाला सदर इसम म्हटलेलं नाही.

माझी तक्रार अशी की, आमच्या घरातून अँप्लिफायर चोरीला गेला आहे. बेस गिटारचा, सरावाचा, छोटा. रंग काळा, पुढे जाळी, वर धरायला पट्टा. साधारण माझ्या मशीनच्या डोक्याएवढा. वर चार बटणं. त्यावर मी शिवलेली खोळ आहे, पानापानांच्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची. ते कापड गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, कारण ज्या गिऱ्हाइकाने निवडलं तिनेच नंतर नाक मुरडलं.

चोर कोण ते मला माहीत आहे. खालचे घड्याळवाले.

बाई म्हणतात, आरोप नंतर करा, आधी वस्तूबद्दल सांगा. सांगते.

आमचे हे आयुष्यभर बँडमध्ये बेस गिटार वाजवत आले. हॉटेलांत, हॉलमध्ये, जिथे बोलावतील तिथे. बेस म्हणजे चार जाड तारांचं ते वाद्य, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. लोक गाणाऱ्याकडे बघतात. ह्यांची जागा कायम ड्रमवाल्याच्या शेजारी, आणि त्या ड्रमवाल्याने एवढ्या वर्षांत ह्यांच्या कानांची पार वाट लावली. आधी फोनची घंटा गेली, मग दाराची, मग मी. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही. ह्यांनी घरी येऊन गिटार खिळ्याला टांगली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

ते दिवस मी कुणाला सांगत नाही, पण इथे सांगते. घरात बोलणं म्हणजे ओरडणं झालं. ओरडून माणूस काय बोलणार? चहा घ्या. नळ बंद करा. लाइटवाला आलाय. बाकीचं सगळं गिळून टाकायचं, कारण ते ओरडण्यासारखं नसतं. हळूहळू हेही बोलेनासे झाले. जेवायला बसले की ताटाकडे बघायचे, माझ्याकडे नाही. माणूस समोर आहे आणि घर रिकामं आहे, असं झालं होतं. मला फार भीती वाटायची.

म्हणून मी वाद्यांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, बेसचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात स्वस्त अँप दाखव. ती म्हणाली, आजी, हा नवशिक्यांसाठी आहे, डबा लहान, फार खोल खर्ज निघणार नाही. पण हेडफोन लावता येतो, घरच्यांना अजिबात त्रास नाही. म्हटलं, बाळा, ज्याला ऐकूच येत नाही त्याला हेडफोन लावून काय करू? मी डबा काखोटीला मारला आणि आले.

ह्यांनी तो बघितला आणि बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, ‘अगं, हे खेळणं आहे.’ पण हात लावलाच. आमच्या घराला फळ्यांची जमीन आहे, जुनी, सागाची. ह्यांनी डबा टेबलावर ठेवला नाही. जमिनीवर आडवा केला, जाळी फळ्यांकडे. वरच्या पट्टीचा आवाज पार काढून टाकला आणि अनवाणी पाय फळ्यांवर टेकून सगळ्यात जाड तार छेडली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘डबा लहान आहे तर काय झालं, जमीन आहे ना!’

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणं झाली की हे वाजवायचे. मी मशीनवर असायची.

बाई, हे नीट टाइप करा. तो आवाज कानाला फारसा यायचाच नाही. तो तळपायातून यायचा, मग गुडघ्यात, मग कोपर टेकलं असेल तर कोपरात. टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या आपोआप एका बाजूला जमायच्या. आमच्याकडे दुपारी खिडकीत शिवलेले पडदे टांगलेले असतात, कधी हिरवे, कधी गुलबक्षी, जी ऑर्डर असेल ते. ऊन त्यातून आत येतं आणि सगळं घर त्या रंगाचं होतं. वारा नसतानाही पडद्यांचे खालचे काठ हलायचे. मी जागीच असायची, पण डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखं व्हायचं. वाटायचं, हे घर जमिनीपासून थोडं सुटलंय आणि अलगद कुठेतरी चाललंय, हे चालवतायत, मी बसलेय, उतरायची घाई नाही. कापड हातातच राहायचं. पाय कधी थांबायचे ते कळायचंच नाही. मशीन बंद करून मी नुसती ऐकत बसायची.

बाईंनी विचारलं, हा भाग तक्रारीत हवा का. हवा. चोरी काळ्या डब्याची झालेली नाही, ह्याची झाली आहे.

आणि हे बोलायला लागले होते हो! वाजवून झालं की एखादी जुनी गोष्ट सांगायचे, कुठल्या हॉटेलात गाणारीची चप्पल तुटली, कुठे दिवे गेले तरी हे आणि ड्रमवाला अंधारात वाजवतच राहिले. मी ओरडून विचारायची, मग काय झालं? हे सांगायचे. जिवात जीव आला होता माझ्या.

परवा मी पडदे पोचवायला गेले होते. परत आले तर गिटार खिळ्याला आणि डबा गायब. ह्यांना विचारलं. म्हणाले, ‘माहीत नाही, डोळा लागला होता.’ आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कालही तसेच. आज सकाळीही तसेच. आज जेवताना ताटाकडे बघत होते.

जेवणानंतर मी कचरा टाकायला खाली उतरले. घड्याळवाल्यांचं दार अर्धं उघडं होतं. आत माळ्यावर पानापानांची खोळ दिसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा वाजायला लागला त्या पहिल्याच आठवड्यात हा माणूस वर तक्रार घेऊन आला होता. म्हणाला, ‘वहिनी, माझे स्क्रू चालायला लागतात.’ घड्याळातले मोहरीपेक्षा बारीक स्क्रू, ते टेबलावरून मुंगीसारखे निघतात म्हणे. मी म्हटलं होतं, मग स्क्रूंना बांधून ठेवा. त्यानंतर जिन्यात भेटले की नुसते हसायचे. हसण्याचा अर्थ आज कळला. मी दार वाजवलं नाही, भांडले नाही, सरळ इथे आले. आल्यावर भांडले, पण ते इथल्या साहेबांशी, कारण ते म्हणाले, एवढ्याशा डब्यासाठी? साहेबांनी मग घड्याळवाल्यांना बोलवायला शिपाई पाठवला.

एवढं सांगून होतंय तोच घड्याळवाले स्वतः आले, म्हणून पुढे सांगते की, डबा त्यांच्या छातीशी होता, खोळीसकट, लहान मूल धरावं तसा. आणि त्यांच्या मागून आमचे हे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

मी उभी राहून म्हटलं, बघा, मुद्देमालासकट! घड्याळवाले म्हणाले, ‘वहिनी, आधी ह्यांना बोलू द्या. ह्यांनी शपथ घातल्यामुळे मी गप्प होतो.’

हे माझ्या शेजारी बाकावर बसले. बाई टाइप करतात त्या टेबलावर ह्यांनी हात पसरून ठेवला. हल्ली जिथे जातील तिथे असा हात ठेवतात. मग बऱ्याच मोठ्याने बोलले, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही. म्हणाले, ‘चोरी नाही झाली. मीच दिला ह्यांच्याकडे ठेवायला.’

साहेबांनी हाताने खूण करून विचारलं, का?

हे म्हणाले, ‘हिचं मशीन मला पायांना कळतं. हिच्या पायाच्या ठेक्यावरच मी वाजवतो. माझा ड्रमवाला हीच आहे आता. पण मी वाजवायला लागलो की थोड्या वेळाने मशीन थांबायचं. रोज. मी थांबलो की पुन्हा सुरू व्हायचं. परवा सकाळी ती हॉलच्या पडद्यांवाली बाई येऊन हिच्यावर हात नाचवत होती, माल वेळेवर झाला नाही म्हणून. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. माझ्या ह्या खेळण्यापायी हिचा धंदा बुडायचा. हिला काम सुचत नाही आणि तोंडाने बोलत नाही.’

हे पुढे म्हणाले, ‘हिला विचारलं असतं तर म्हणाली असती, नाही हो, वाजवा तुम्ही. दयेने म्हणाली असती. चोर आला म्हटलं तर चोराला शिव्या घालेल आणि मोकळी होईल, असं वाटलं. पोलिसांत जाईल असं वाटलं नव्हतं.’

घड्याळवाले मध्येच म्हणाले, ‘मला वाटलंच होतं जाणार.’ त्यांनी असंही सांगितलं की त्यांनी केव्हाच एका बशीला मखमल चिकटवली आहे, आता स्क्रू कुठे जात नाहीत. मखमल माझ्याच कात्रणांतली, जिन्यात पडलेली. डबा माळ्यावर गेल्यापासून काम भराभर होतंय पण करमत नाही, असं ते म्हणाले. त्यांच्यावरचा आरोप मी मागे घेते. मखमलीचं बोलणं घरी गेल्यावर होईल.

मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, अहो, मी ऐकायला थांबत होते. ह्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, ‘काय?’

इथे एवढी माणसं. साहेब, शिपाई, पाकीट मारलेला एक माणूस आणि पाकीट मारणारा एक. आवडतं म्हणून नवऱ्याला असं सगळ्यांसमोर ओरडून कुणी सांगतं का? एवढ्या वर्षांत मी हळूही सांगितलं नव्हतं. कधी गरज वाटली नाही, आणि गरज वाटली तोवर ह्यांचे कान गेले होते. मी ओरडले. ‘तुमचं वाजवणं ऐकायला थांबते मी! मशीनच्या खडखडीत नीट कळत नाही, म्हणून थांबते! मला आवडतं!’

ह्यांनी परत विचारलं, ‘काय?’

पहिल्याच वेळी त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. तरी मी पुन्हा ओरडले, सगळंच्या सगळं.

ह्यांचा टेबलावरचा हात तसाच होता. बाई माझं बोलणं टाइप करत होत्या, टक टक टक, आणि ह्यांची बोटं टेबलाच्या कडेवर हलायला लागली. आधी एक, मग दोन, वाजवताना हलतात तशी. डाव्या हाताने ह्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि तिथेही बोटं दाबत होते, तारा दाबतात तशी. आवाज काही नव्हता. पण मला कोपरात कळत होतं. खिडकीतून ऊन येत होतं, इथल्या पडद्याची शिवण उसवलेली आहे, त्यातून ते फायलींवर पडलं होतं आणि सगळं स्टेशन जरासं जमिनीपासून सुटलंय असं मला वाटलं. पाकीट मारणाऱ्याने डोळे मिटले होते.

बाई बघत राहिल्या. बघता बघता त्यांचं टाइप करणं थांबलं.

त्याबरोबर ह्यांची बोटं थांबली. हात मागे घेतला आणि म्हणाले, ‘माफ करा हं. तुमच्या कामात व्यत्यय आला.’

मी म्हटलं, बाई, थांबू नका! थांबलात की ते थांबतात. काहीही टाइप करा, मी बोलते. आमच्या जिन्याचा कठडा मोडका आहे हे करा. हॉलचे पडदे उद्या होतील हे करा. इथला पडदा मी फुकट शिवून देते हे करा. ह्यांना आता कळलंय, पण हातांना अजून कळायचं आहे, तोवर चालू ठेवा.

बाईंनी चालू ठेवलं. हात परत टेबलावर आला आहे. तो तिथे आहे तोवर माझा जबाब संपलेला नाही, पण साहेब म्हणतात कागद संपवावा लागतो. तरी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितलं तसाच आहे, त्यात कुठेही सदर इसम नाही. माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. डबा, खोळ आणि नवरा ताब्यात मिळाले. सही उजव्या हाताने करते, कारण डावा हात ह्यांच्याकडे आहे.